पॅपी व्हॅन विंकल १५, २० आणि २३: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पॅपी व्हॅन विंकल ही बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकी व्हिस्की. आकडे ती पिंपात किती वर्षं ठेवली त्याचे. निकाल आधीच सांगतो. तिघींत १५ वर्षांची सरस, २० वर्षांची छान पण जरा मवाळ, आणि २३ वर्षांची निव्वळ नावावर विकली जाणारी. तिन्ही बाटल्या एकाच आठवड्यात उघडल्या होत्या. १५ची तळाला गेली आहे, २३ची अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, यातच काय ते आलं.

तिन्ही केंटकीत, फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनतात. धान्यही तेच: बहुतांश मका, आणि नेहमीच्या राईऐवजी (मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य) गहू. फरक वयाचा आणि ताकदीचा. १५ची ५३.५ टक्के अल्कोहोलची, २०ची ४५.२, २३ची ४७.८. तुलना इथेच फसते. सरळ ओतून प्यायलं तर १५ जिंकली की तिची ताकद जिंकली, ते कळत नाही. म्हणून १५च्या ३० मिलीत ५.५ मिली पाणी घालायचं, की ती २०च्या बरोबरीला येते. औषधाची बिनसुईची सिरिंज यासाठी उत्तम. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, बर्फ अजिबात नको, आणि ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बुडाला आकडे चिकटवून १५ आणि २०च्या ग्लासांच्या जागा दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्यायच्या. २३ नेहमी शेवटी, कारण ती आधी घेतली तर जीभ इतकी आकसते की पुढची बेचव लागते. मधे साधं पाणी आणि कोरडा पाव. फरसाण, मसाला शेंगदाणे बाजूला ठेवा. मीठ-तिखट तुरटपणा झाकतं आणि २३ला फुकटचे गुण मिळतात.

अशा चाखण्यात १५ला काकवी, खारीक, जायफळ आणि शेवटी किंचित भाजलेल्या लाकडाचा वास येतो. पाणी घातल्यावरही ती पातळ वाटत नाही. २०मध्ये तेच सगळं, पण आवाज कमी केल्यासारखं. वास चवीपेक्षा कितीतरी चांगला. २३चा पहिला घोट गडद आणि गोड असतो, मग जिभेच्या कडांना कात लावल्यासारखा तुरटपणा येतो आणि तो बराच वेळ जात नाही. पाणी घातलं तर गोडी विरते, तुरटपणा जागचा हलत नाही.

याचं कारण पिंपात आहे. अमेरिकी नियमानुसार बर्बन आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, आणि भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कोरं लाकूड पहिल्या काही वर्षांतच रंग, गोडी, व्हॅनिला भरभरून देतं. पुढे टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, निघत राहतं, आणि पाणी-अल्कोहोल उडाल्यामुळे उरलेल्या मालात ते दाट होत जातं. स्कॉचची पिंपं बहुधा आधी वापरलेली आणि हवा थंड, म्हणून तिथे २५ वर्षं सहज पचतात; तोच हिशेब बर्बनला लावणं ही मोठी चूक. केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाचे वरचे मजले चांगलेच तापतात, त्यामुळे फार जुनी करायची पिंपं खालच्या मजल्यांवर ठेवतात. तरी वर्षाला चार टक्के घट धरली, तर सुमारे २०० लिटरच्या पिंपात १५ वर्षांनी १०८ लिटर उरतात आणि २३ वर्षांनी जेमतेम ७८. २३ महाग असण्याचं हे कारण खरं आहे. पण ते उत्पादनखर्चाचं कारण झालं, चवीचं नव्हे.

कीर्तीचंही एक गणित आहे. हे नाव मोठं झालं ते लुइव्हिलच्या स्टिट्झल-वेलरमध्ये गाळलेल्या मालामुळे. ती डिस्टिलरी १९९२ साली बंद पडली. आज मिळणाऱ्या बाटलीत तिचा थेंबही नाही, पण भाव अजून त्या आठवणीचाच लागतो.

उघड्या बाटलीचं म्हणाल, तर २३चा तुरटपणा पहिल्या दीड महिन्यात थोडा निवळतो, मग फळांचा वास आधी जातो आणि लाकूड तेवढं मागे राहतं. १५ बराच काळ टिकते, पण बाटलीत तिसरा हिस्सा उरला की मंदावते. त्याआधीच २०० मिलीच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. बाटली उभीच हवी, आडवी ठेवली की अल्कोहोल बूच खातं. जुनं बूच सरळ ओढलं की तुटतं. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. तुटलंच तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून घ्या.

पर्याय? वेलर अँटीक १८० मिली आणि वेलर १२ वर्षं १२० मिली या दोन बर्बन एकत्र करून दोन आठवडे ठेवा. धान्याची पाककृती तीच, ताकद ५०.१ टक्के येते. १५ची खोली येत नाही, २०शी मात्र बरोबरी होते. लाकडाचीच हौस असेल तर नॉब क्रीक १२ पुरे. तीही बर्बनच, पण गव्हाऐवजी राई घातलेली; जरा तिखट, पण तुरट नाही.

दुय्यम बाजारात, म्हणजे एकाने घेतलेली बाटली दुसऱ्याला विकताना, २३ हजारो डॉलरना जाते. २,००० डॉलर धरले तरी ७५० मिलीत ३० मिलीचे २५ पेग, म्हणजे पेगला ८० डॉलर. त्यात रिकाम्या बाटल्या विकत घेऊन भरून विकणारेही आहेत, म्हणून वेष्टणाच्या सुरकुत्या आणि गळ्यातली पातळी नीट पाहा. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियासारख्या अमेरिकी राज्यांत या बाटल्यांची सरकारी सोडत निघते. नाव लागलं तर छापील किमतीत १५ जरूर घ्यावी. भारतात येताना माणशी दोन लिटरच करमुक्त, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. त्यापुढे बर्बनवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२५मध्ये १५० टक्क्यांवरून १०० वर आलं असलं, तरी या भावात ते जड जातं.

आणि २३ आधीच घरात असेल, तर ती मसाल्यासारखी वापरा. वेलर अँटीकच्या ३० मिलीत तिचे ५ मिली घातले की तुरटपणा विरतो आणि जुन्या लाकडाचा वास तेवढा राहतो. उरलेली बाटली सध्या अशीच संपते आहे.