छतावरील पाण्याचा फिल्टर: विहिरीसाठी उत्तम, पुरासाठी अपुरा

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या घराला उद्यमबागेतील एका दुकानातून आणलेला, छतावरील पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडणारा फिल्टर बसवला आणि अख्खा पावसाळा तो वापरला. विहिरीत पाणी भरण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र ‘हा बसवला की रस्त्यावर पाणी तुंबणार नाही’ असे जे दुकानात सांगितले जाते, ते एकट्या फिल्टरने साधत नाही.

रचना साधी आहे. स्लॅबवरून आलेले पाणी फिल्टरच्या भिंतीला लागून गोल फिरत खाली उतरते, स्वच्छ पाणी स्टीलच्या बारीक जाळीतून आत शिरते आणि कचरा खालच्या तोंडातून बाहेर पडतो. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी वेगळे काढण्यासाठी वर एक व्हॉल्व्ह आहे. त्याला वीज लागत नाही. जाळी हाताने निघते व नळाखाली धुता येते. आमच्या दारात गुलमोहर असल्याने त्याची बारीक पाने ओली होऊन जाळीला पापुद्र्यासारखी चिकटतात, आणि दोन-तीन दिवस दुर्लक्ष झाले की निम्मे पाणी विहिरीऐवजी कचऱ्याच्या तोंडातून वाहून जाते. विक्रेत्याने देखभालीची ही बाब सांगायला हवी होती.

खरी अडचण जोराच्या पावसाची आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमचा स्लॅब १२० चौरस मीटरचा आहे. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर मिनिटाला १०० लिटर पाणी खाली येते. दुकानातील माहितीपत्रकावर ‘किती चौरस फुटांचे छत’ एवढेच छापलेले असते. मिनिटाला किती लिटर पाणी फिल्टरमधून जाईल, हे नसते. जास्तीचे पाणी थेट गटारात, तिथून बळ्ळारी नाल्यात जाते, आणि तो नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातील भातपीक पाण्याखाली जाते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, म्हणून थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी अधिक जोरदार होत आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगावच्या सखल वस्त्यांनी जे सोसले, ते येथील कुणीही विसरलेले नाही.

त्यात आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा बोलत नाहीत. जुलै संपता संपता आमच्या भागातील विहिरी काठोकाठ भरतात. भरलेल्या विहिरीत पाणी सोडून पूर थोपवता येत नाही, कारण ते मुरायला जागाच उरलेली नसते. जूनमधील पहिल्या पावसात आणि परतीच्या पावसात मात्र फिल्टरचा मोठा आधार होतो; यंदा एप्रिलमध्येही आमच्या विहिरीला पाणी राहिले आणि टँकर मागवावा लागला नाही.

पुराचा भार हलका करायचा असेल, तर फिल्टरच्या आधी साठवण टाकी हवी. आम्ही आता २,००० लिटरची टाकी जोडून घेतली आहे. वरच्या हिशेबाने जोराच्या सरीचे पहिल्या वीस मिनिटांचे पाणी त्यात मावते, आणि तळाशी ठेवलेल्या अर्ध्या इंची नळीतून ते पुढे काही तासांत सावकाश बाहेर पडते. सरीपूर्वी टाकी रिकामी असणे मात्र अत्यावश्यक आहे. वापरासाठी ती भरून ठेवणाऱ्यांना पूर रोखण्याचा लाभ मिळत नाही. एका घराने नाल्याची पातळी उतरणार नाही, हे मान्य आहे. परंतु गल्लीतील पन्नास घरांनी अशी टाकी बसवली, तर एक लाख लिटर पाणी ऐन सरीत गटाराबाहेर राहील, म्हणून महापालिकेने नवीन बांधकाम परवान्यात फिल्टरबरोबर या टाकीचीही अट घालावी, असे मला मनापासून वाटते.

बसवून देणाऱ्या कारागिरांचे काम नीटनेटके होते, सांधे कुठेही गळत नाहीत. खरेदीपूर्वी दुकानदाराकडून मिनिटाला किती लिटरची क्षमता हे लेखी घ्यावे, जाळीची सुटी जोडी सोबत मागावी आणि सगळे काम मे महिन्यातच उरकावे.