संदेष्ट्याची परीक्षा शिकवणारे सहा शनिवार

पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) या पावसाळ्यात ‘खरे शिक्षक, खोटे शिक्षक’ या विषयावर सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क पुस्तिकेसह ३०० रुपये. मी सहाही शनिवार हजर होतो. असे वर्ग आता बऱ्याच मंडळ्या घेऊ लागल्या आहेत, आणि त्यांतून नेमके काय हाती लागते हे जाण्यापूर्वी कळावे, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे.

नाव नोंदवण्यामागे घरचेच कारण होते. मोबाइलवर रोज पहाटे दिसणाऱ्या, आपण देवाचा संदेश सांगतो म्हणणाऱ्या एका ‘संदेष्ट्या’ला माझ्या मावशीने गुडघेदुखी जावी म्हणून दोन वर्षांपूर्वी ‘बीज अर्पण’ म्हणजे आशीर्वादाच्या आशेने द्यायचे पैसे पाठवायला सुरुवात केली, आणि एखादा महिना चुकला की तुमच्या विश्वासात उणीव आहे असे सांगणारे फोन तिला येऊ लागले. तो मनुष्य खोटा आहे हे मला उमगत होते, पण तो का खोटा आहे हे मावशीला पटेल अशा शब्दांत सांगता येत नव्हते. ‘अरे, तोही येशूचेच नाव घेतो ना?’ या तिच्या प्रश्नापाशी माझे बोलणे दर वेळी अडत असे. वर्गाचे मोल मी मुख्यतः या एका प्रश्नावर केले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

उत्तर पहिल्याच शनिवारी मिळाले, आणि तेही मी शंभरदा वाचलेल्या पानावर. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातले मेंढरांच्या वेषातले लांडगे आणि फळांवरून ओळखायचे झाड सर्वांच्या तोंडपाठ असते. वर्ग घेणाऱ्या सरांनी मात्र तिथे न थांबता पुढच्या ओळी वाचायला लावल्या. त्या ओळींत काही लोक न्यायाच्या दिवशी प्रभूला म्हणतात की आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, तुझ्या नावाने भुते काढली, तुझ्या नावाने पराक्रम केले. आणि मला तुमची कधी ओळखच नव्हती, असे तो त्यांना सांगतो. येशूचे नाव घेणे आणि चमत्कार दाखवणे या दोन्ही गोष्टी खरेपणाचा पुरावा म्हणून येशू स्वतःच नाकारतो, ही बाब सरांनी आवाज न चढवता, फळ्यावर एकही शब्द न लिहिता मांडली. त्या दिवसाचा उरलेला सव्वा तास ओळखपाळखीत आणि चहात गेला, त्याचे मला काही वाटले नाही.

दुसरा शनिवार जुन्या कराराचा होता, आणि माझ्या मते सहांपैकी तोच सर्वांत कसदार. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात संदेष्ट्याच्या दोन कसोट्या आहेत. अठराव्या अध्यायात सांगितलेली कसोटी सरळ आहे : जे सांगितले ते घडले नाही, तर तो शब्द देवाचा नव्हता. तेराव्या अध्यायातली कसोटी अधिक कठीण आहे, कारण तिथे संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरोखर घडूनही जर तो लोकांना दुसऱ्या देवांकडे वळवत असेल तर त्याचे ऐकू नये, असे बजावले आहे. भाकीत खरे ठरले म्हणून माणूस खरा, असा हिशेब शास्त्राने मुळातच चुकीचा ठरवला आहे. आपल्याकडे उपास-प्रार्थनेच्या सभांत दिल्या जाणाऱ्या साक्षी बहुधा याच हिशेबावर उभ्या असतात, हे ऐकताना काही जणांच्या चेहऱ्यांवर अस्वस्थता दिसली.

मग यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय आला. यिर्मया गळ्यात लाकडी जू अडकवून फिरत होता, बाबेलचे दास्य पत्करा असे सांगत होता. गिबोनाचा हनन्या मंदिरात, याजकांच्या आणि सर्व लोकांच्या देखत, परमेश्वराच्याच नावाने म्हणाला की दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाने नेलेली मंदिराची भांडी परत येतील, बंदिवानही परत येतील. आणि त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले. या प्रसंगात खरा संदेष्टा काय करतो? आधी तो ‘आमेन’ म्हणतो, परमेश्वर तसेच करो म्हणतो. मग शांतीचा संदेश देणाऱ्याची पारख तो संदेश खरा ठरल्यावरच होते एवढे सांगतो. आणि जू मोडल्यावर मुकाट्याने आपल्या वाटेने निघून जातो. हनन्या खोटे बोलत आहे हे परमेश्वराचे वचन त्याच्याकडे त्यानंतर येते. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला. सरांनी येथे दाखवलेली गोष्ट मी पूर्वी कोणत्याही उपदेशात ऐकली नव्हती : समोरचा माणूस खोटा आहे हे खुद्द यिर्मयालाही त्याच क्षणी ठामपणे म्हणता आले नाही, त्यालाही वेळ लागला. ‘आत्ता हात वर करा, आत्ताच पाठवा, ही घटका गेली की अभिषेक गेला’ अशी जी घाई मावशीच्या मोबाइलवरून ऐकू येते, तिची उलट बाजू या अध्यायात दिसते. पारख करायला वेळ लागतो, आणि ज्याला पारख नको असते तो तो वेळच देत नाही.

तिसरा शनिवार त्या मानाने कोरडा गेला. योहानाच्या पहिल्या पत्रातली आत्म्यांची परीक्षा करण्याची आज्ञा, प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्रात रोज पडताळून पाहणारे बिरुया नगरातले लोक, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले लोभापायी बनावट गोष्टी सांगणारे शिक्षक, अशी वचने एकामागून एक वाचली गेली, पण त्यांचा एकमेकांशी धागा जुळवला गेला नाही. पुस्तिकेत हे सगळे आहेच. ते घरी वाचता आले असते.

चौथ्या दिवशी वर्ग पुन्हा रंगला. त्या दिवशी ‘दिदाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या जुन्या ग्रंथाची दोन-तीन प्रकरणे मराठीत करून वाटली होती. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेला मानला जाणारा हा छोटा ग्रंथ शेकडो वर्षे हरवल्यासारखा होता. १०५६ साली उतरवलेली त्याची एक ग्रीक प्रत फिलोथेओस ब्रायेनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. त्या काळी गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे मंडळ्यांच्या दारी येत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न या ग्रंथाने एखाद्या अनुभवी गृहिणीच्या व्यवहारज्ञानाने सोडवला आहे. आलेल्या प्रेषिताला प्रभूसारखे मानून घरात घ्या. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दुसराही. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात येऊन ‘पान वाढा’ म्हणाला आणि स्वतःच त्या पानावर बसला, तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका. गरजू लोकांसाठी मागितले तर मात्र त्याला दोष देऊ नका. गावात मुक्काम करू पाहणाऱ्या पाहुण्याने हाताला काम घ्यावे आणि खावे. ज्याला तेही नको, त्याला या ग्रंथात ख्रिस्ताचा धंदा करणारा असे म्हटले आहे.

ही यादी ऐकून वर्गात हशा पिकला, आणि तो योग्यच होता. तरीही सरांनी एक अडचण लपवली नाही, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत : हाच ग्रंथ आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका असेही सांगतो, आणि खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकातला वाटा द्या असेही सांगतो. परीक्षा त्याच्या तंद्रीची करायची नाही, त्याच्या वागणुकीची करायची, असा त्याचा सरांनी लावलेला अर्थ मला पटला.

पाचव्या शनिवारी आधुनिक उदाहरणे होती. अमेरिकेतले पीटर पोपॉफ हे सभेत अनोळखी लोकांची नावे, पत्ते आणि आजार सांगत; १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ यंत्र लावून ऐकले, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झवर पोपॉफ यांच्या पत्नी प्रार्थनेच्या कार्डांवरचा मजकूर त्यांच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवत असल्याचे उघड झाले. पुढच्या वर्षी पोपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर परतले. लोक यावर हसले. आपण असे फसलो नसतो असे प्रत्येकाला वाटत असावे. त्यानंतरच्या उदाहरणाला मात्र कुणी हसले नाही. रवी जकरायस, जन्म मद्रासचा, १९४६ चा. विश्वासाचे बुद्धिनिष्ठ समर्थन करणारे वक्ते म्हणून जगभर नावाजलेले. २०१७ मध्ये एका स्त्रीची तक्रार पुढे आली तेव्हा त्यांची संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे दाखवून दिले. त्यांच्या शिकवणुकीत पाखंड शोधून सापडले नसते. शिकवण तपासली की माणूस तपासला, असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हे उदाहरण फार जड गेले, आणि मंडळीच्या वर्गात ते घेण्याचे धैर्य सरांनी दाखवले ही या वर्गाची मोठी जमेची बाजू आहे.

आता उणिवा. पंडिता रमाबाईंना जेमतेम दहा मिनिटे मिळाली. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जागृती झाली, पुढे तिथे प्रार्थनेत न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. ते दान रमाबाईंनी झिडकारले नाही, पण पवित्र आत्मा मिळाल्याचे तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे हेही त्यांनी मानले नाही. पुण्याहून दीड-दोन तासांवर घडलेली ही पारख अमेरिकेतल्या टीव्हीपेक्षा आम्हाला अधिक जवळची होती. दुसरे म्हणजे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेखही झाला नाही. तथाकथित चमत्कारांचा प्रयोग करून लोकांना फसवणे आणि पैसे मिळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. फसलेल्या कुटुंबाने प्रार्थनेखेरीज आणखी काय करावे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

सर्वांत मोठी उणीव सहाव्या दिवशी दिसली. चर्चेसाठी ठेवलेल्या त्या शनिवारी मागच्या बाकावरच्या एका तरुणीने विचारले की बाहेरून येणाऱ्याच्या कसोट्या आम्ही शिकलो, पण ज्याला दर महिन्याला आपणच पगार देतो त्या पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, परीक्षा कोणी आणि कशी करायची? मंडळीचे हिशेब पंच तपासतात, वार्षिक सभेत ते वाचले जातात, असे उत्तर मिळाले. प्रश्न हिशेबाच्या वहीपुरता नव्हता, हे आदल्या शनिवारचे उदाहरण ऐकलेल्या सर्वांना कळत होते. सर थोडे थांबले. मग संयोजकांनी घड्याळ दाखवून समारोपाची प्रार्थना सुरू केली. एवढा निर्भीड वर्ग घेणाऱ्या मंडळीने हा प्रश्न पुढच्या वेळी पहिल्या शनिवारी घ्यावा, अशी माझी लेखी सूचना मी दिली आहे.

किरकोळ बाबी : पुस्तिकेचा टाइप फार बारीक आहे, पंख्याच्या आवाजात मागे ऐकू येत नाही, चहा उत्तम. पुढचा वर्ग नाताळानंतर आहे. ३०० रुपये कमीच वाटावेत इतके दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारात मिळते, फक्त तिसऱ्या शनिवारी पुस्तिका आधी वाचून जावे.

मावशीला मी चौथ्या शनिवारी सोबत नेले होते. परतताना रिक्षात तिने तीन दिवसांच्या पाहुण्याचा नियम मला पुन्हा सांगायला लावला, आणि तो झेरॉक्सचा कागद घडी करून बायबलात ठेवला. पैसे पाठवणे थांबले का, हे मी अजून विचारलेले नाही.