तुरुंगातून सुटणारा माजी सैनिक: आधी पगार, की आधी प्रशिक्षण?

शिक्षा संपत आली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "याला आता कुठे लावायचं?" अमेरिकेत माजी सैनिकासाठी दारं पुष्कळ आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कामगार खात्याची योजना वेगळी, व्हेटरन्स अफेअर्सच्या म्हणजे व्हीएच्या योजना वेगळ्या, रोजगार केंद्र वेगळं, सामाजिक संस्था वेगळ्या. प्रत्येकाचा अर्ज निराळा, अटी निराळ्या. 2016 च्या केंद्रीय पाहणीनुसार राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून अंदाजे 1,07,400 माजी सैनिक होते. इतक्या लोकांना लागू पडणारी माहिती सुटकेच्या दिवशी एखाद्या पत्रकावर हातात पडते, आणि त्या दिवशी ते पत्रक वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. सगळ्यात चांगली योजना कोणती, हे शोधत बसण्यापेक्षा कोणती आधी घ्यायची आणि कोणती राखून ठेवायची, हे ठरवा. क्रम चुकला तर काही हक्क कायमचे कमी होतात.

तुलनेआधी एक कागद

लष्करातून बाहेर पडताना मिळणारा डीडी-214 हा कागद काढा. त्याच्या प्रती अनेक असतात. छोट्या प्रतीवर सेवेचा शेरा नसतो, म्हणून 'मेंबर-4' लिहिलेली प्रत हवी. तिच्यावर 24 क्रमांकाच्या चौकोनात हा शेरा असतो. त्यात 'ऑनरेबल' (सन्मानपूर्वक) असेल तर जवळजवळ सगळं खुलं आहे. 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' असेल तर बहुतेक योजना मिळतात, पण 9/11 नंतरचं जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी योजना, मिळत नाही. 'अदर दॅन ऑनरेबल' असेल तर निर्णय व्हीए प्रत्येक प्रकरण पाहून घेते.

या तिसऱ्या गटाबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. हे लोक स्वतःच स्वतःला अपात्र ठरवून मोकळे होतात. कोणीतरी बराकीत सांगितलेलं असतं, "तुला काही मिळणार नाही," आणि मग वीस वर्षं अर्जच केला जात नाही. व्हीएने याबाबतचे नियम जून 2024 मध्ये बदलले. वर्तनामागची परिस्थिती लक्षात घ्यायला आता पूर्वीपेक्षा जास्त वाव आहे. आधी नकार मिळालेला असला तरी पुन्हा अर्ज करता येतो. शेराच बदलून घ्यायचा असेल तर तो मार्ग वेगळा: सेवा सुटून 15 वर्षं झाली नसतील तर डीडी-293 हा अर्ज, त्यानंतर डीडी-149. याला वेळ लागतो, म्हणून तुरुंगात असतानाच सुरुवात करावी.

आत भेटायला कोण येतं

व्हीएचे दोन गट आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. व्हेटरन्स जस्टिस आउटरीचवाले कोर्ट आणि स्थानिक जेलमध्ये काम करतात, म्हणजे खटला चालू असताना. हेल्थ केअर फॉर रीएन्ट्री व्हेटरन्सचे कर्मचारी राज्याच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत सुटकेच्या साधारण सहा महिने आधी भेटतात. शिक्षा भोगणाऱ्याला दुसऱ्या गटाची गरज असते. हे लोक नोकरी देत नाहीत आणि तुरुंगात उपचारही करत नाहीत. बाहेर कोणत्या दवाखान्यात नाव घालायचं, राहायची सोय कुठे होईल, कोणत्या संस्थेला आधी कळवायचं, याचा आराखडा ते करतात. त्यांची भेट आपोआप होईल असं धरून चालू नका. तुरुंगातल्या समुपदेशकाकडे लेखी मागणी करायला सांगा.

लगेच काम हवं असेल तर: एचव्हीआरपी की रोजगार केंद्र?

होमलेस व्हेटरन्स रीइंटिग्रेशन प्रोग्राम, म्हणजे एचव्हीआरपी, कामगार खात्याचा आहे आणि 1987 च्या कायद्यातून आला. नाव बेघरांचं असलं तरी कायद्यात तुरुंगातून बाहेर येणाऱ्या माजी सैनिकांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकार अनुदान देतं आणि काम स्थानिक संस्था करतात. इथे एक केस मॅनेजर मिळतो, छोटे अभ्यासक्रम मिळतात, नोकरी लागल्यावरही पाठपुरावा होतो. कामाचे बूट, हत्यारं, परवान्याची फी, बसचा पास अशा गोष्टींसाठी पैसे मिळू शकतात. बाहेरून ही मदत क्षुल्लक वाटते. पण सोमवारी बांधकामावर हजर व्हायचंय आणि पोलादी टोकाचे बूट नाहीत, एवढ्यावरून नोकरी जाते.

एचव्हीआरपीची मोठी उणीव म्हणजे ती सगळीकडे नाही. अनुदान ज्या भागाला मिळालं तिथेच ती चालते, आणि पॅरोलवरचा माणूस आपल्या मनाने दुसऱ्या जिल्ह्यात राहायला जाऊ शकत नाही.

अमेरिकन जॉब सेंटर मात्र जवळपास सगळीकडे आहे. देशभरात अशी सुमारे 2,300 केंद्रं आहेत आणि 2002 च्या कायद्याने तिथल्या केंद्रीय निधीच्या प्रशिक्षण सेवांमध्ये माजी सैनिकाला प्राधान्य आहे. पण दारातून शिरून नुसतं "नोकरी शोधतोय" म्हटलं तर संगणकासमोर बसवतात. तिथे डीव्हीओपी नावाचा तज्ज्ञ असतो, तो ज्यांना मोठे अडथळे आहेत अशाच माजी सैनिकांसाठी नेमलेला आहे, आणि तुरुंगवास हा त्या अडथळ्यांपैकी एक मानला जातो. त्यामुळे खिडकीवर तुरुंगवास लपवू नका. तो सांगितला तरच त्या माणसाकडे पाठवलं जातं.

दोन्हींत निवड करायची तर, तुमच्या भागात एचव्हीआरपी असेल तर ती घ्यावी. तिच्यात आलेल्याची नोंद रोजगार केंद्रातही होते, त्यामुळे एक घेतलं म्हणून दुसरं सुटत नाही.

लांब पल्ल्यासाठी: व्हीआर अँड ई की जीआय बिल?

खरा तोटा इथे होतो. व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट, जिला लोक अजून 'चॅप्टर 31' म्हणतात, ही लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांसाठी आहे. व्हीएने ठरवलेलं अपंगत्वाचं 20 टक्के प्रमाण (रेटिंग) आणि त्यामुळे कामात अडचण, किंवा 10 टक्के रेटिंग आणि गंभीर अडचण, अशी अट. शेरा 'डिसऑनरेबल' नसावा. म्हणजे 'जनरल' शेरा असलेल्यालाही ती मिळते. शिकवणीची फी, पुस्तकं, हत्यारं, दरमहा निर्वाहभत्ता, आणि शेवटी नोकरी शोधायला मदत. कमाल मुदत साधारण 48 महिने. 1 जानेवारी 2013 नंतर सेवा सोडलेल्यांना अर्जाची कालमर्यादा नाही, त्याआधीच्यांना 12 वर्षांची अट लागते, मात्र तिला अपवाद आहेत.

9/11 नंतरच्या जीआय बिलात 36 महिन्यांपर्यंत फी आणि घरभत्ता मिळतो, पण शेरा 'ऑनरेबल'च लागतो. इथे कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम निवडला की झालं. चॅप्टर 31 मध्ये समुपदेशक तुमचं ध्येय गाठण्याजोगं आहे का, ते तपासतो. गुन्ह्याची नोंद अशी असेल की त्या व्यवसायाचा परवानाच मिळणार नाही, तर तो प्रश्न विचारणारच. अनेकांना ही अडवणूक वाटते. मला ती उपयोगाची वाटते, कारण दोन वर्षं शिकून परवान्याच्या टेबलावर नकार मिळण्यापेक्षा तो प्रश्न पहिल्या महिन्यात निघालेला बरा.

आता क्रम. आधी जीआय बिल वापरलं तर तेवढे महिने चॅप्टर 31 च्या 48 महिन्यांतून वजा होतात. आधी चॅप्टर 31 वापरलं तर मात्र जीआय बिलाचे महिने शाबूत राहतात. व्हीएने हा हिशोब 2021 मध्ये बदलला. शिवाय जीआय बिलाचा निदान एक दिवस शिल्लक असेल तर चॅप्टर 31 मध्ये निर्वाहभत्त्याऐवजी जीआय बिलाच्या घरभत्त्यावर बेतलेला दर मागता येतो, आणि तो बहुतेकांना जास्त पडतो. थोडक्यात, ज्याच्याकडे रेटिंग आहे त्याने जीआय बिलाला आधी हात लावू नये.

तुरुंगात असताना शिकायचं का? फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेत आत असलेल्याला जीआय बिलातून फी आणि पुस्तकांचा खर्च मिळतो, घरभत्ता मिळत नाही. महिने मात्र खर्च होतात. 1 जुलै 2023 पासून कैद्यांना मान्यताप्राप्त तुरुंग-शिक्षणक्रमांसाठी पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, पुन्हा खुली झाली आहे. आत शिकायचं असेल तर आधी ती पाहावी आणि लष्करी हक्क बाहेरच्या दिवसांसाठी ठेवावा.

लगेच पगार आणि लांबचं प्रशिक्षण या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, ॲप्रेंटिसशिप. वायरमन, प्लंबर, वेल्डर अशा कामांत पहिल्या दिवसापासून पगार मिळतो आणि वर जीआय बिलाचा घरभत्ता: पहिले सहा महिने 100 टक्के, पुढचे सहा 80, मग 60, 40 आणि शेवटी 20. भत्ता उतरतो तसा पगार चढत जावा, अशी ही रचना आहे. हाताला काम आवडणाऱ्या माणसासाठी याहून चांगली वाट मला दिसत नाही. प्रवेश मात्र युनियन किंवा मालकाच्या हातात, आणि जुन्या नोंदीकडे प्रत्येकजण वेगळ्या नजरेने बघतो.

ज्याला थेट नोकरी झेपणार नाही

व्यसनमुक्तीचे उपचार चालू आहेत, रात्री झोप नाही, गर्दीत घाबरायला होतं, अशा माणसाला एकदम गोदामाच्या पाळीत ढकलू नये. व्हीएची कॉम्पेन्सेटेड वर्क थेरपी त्याच्यासाठी आहे. व्हीए रुग्णालयात किंवा बाहेरच्या आस्थापनेत मोबदला घेऊन काम करायचं, आणि सोबत उपचार करणारी टीम लक्ष ठेवते. या मोबदल्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. अट एवढीच की व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव हवं आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारस हवी.

सामाजिक संस्थांमध्ये न्यूयॉर्कमधून सुरू झालेल्या सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपर्च्युनिटीजचं काम बघण्यासारखं आहे. ती सर्वच सुटलेल्या कैद्यांसाठी आहे, लष्कराची अट नाही. लगेच तात्पुरत्या कामावर घेतात आणि पैसे झटपट हातात देतात. तिच्यावर झालेल्या मोठ्या तौलनिक अभ्यासात रोजगारातली वाढ काही काळाने विरली, पण पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण घटलं. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत आलेल्यांमध्ये ते सर्वात ठळकपणे घटलं. "आधी थोडा सावरू दे, मग बघू" असं म्हणणाऱ्या घरच्यांनी एवढी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

पैसा आणि छप्पर

फेलनीच्या शिक्षेत 60 दिवसांपेक्षा जास्त आत राहिलं की 61 व्या दिवसापासून व्हीएकडून मिळणारी अपंगत्वाची भरपाई कापली जाते. 20 टक्के किंवा जास्त रेटिंग असेल तर 10 टक्क्यांचा दर, 10 टक्के असेल तर त्याच्याही निम्मी. व्हीएला कळवलं नाही तर जादा गेलेली रक्कम कर्ज म्हणून मागे लागते. कापलेला भाग पत्नी, मुलं किंवा अवलंबून असलेल्या आईवडिलांना मिळावा म्हणून वेगळा अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. हाफवे हाऊसमध्ये (सुटकेआधीच्या देखरेखीच्या निवासात) किंवा वर्क रिलीजवर (बाहेर कामाला जाण्याच्या परवानगीवर) गेल्यावर ही कपात राहत नाही. सुटकेची सूचना एका वर्षाच्या आत दिली तर पूर्ण रक्कम सुटकेच्या तारखेपासून धरतात.

राहण्यासाठी दोन योजनांची नावं कानावर येतील. एसएसव्हीएफ ही डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं अशा तात्पुरत्या अडचणीसाठी आहे. हड-व्हॅशमध्ये भाड्याचं दीर्घकालीन व्हाउचर आणि व्हीएचा केस मॅनेजर मिळतो. हड-व्हॅशमध्ये गुन्ह्याची नोंद आडवी येत नाही, अपवाद लैंगिक गुन्हेगारांच्या आजन्म नोंदवहीचा.

मालकासमोर

1966 पासून चालू असलेल्या फेडरल बाँडिंग प्रोग्राममध्ये मालकाला पहिल्या सहा महिन्यांसाठी किमान 5,000 डॉलरचा विमा फुकट मिळतो. कामगाराने चोरी वा अफरातफर केली तर भरपाई. रोजगार केंद्रातून याचं पत्र घेऊन मुलाखतीला जावं. केंद्र सरकारी नोकरीत आणि सरकारी कंत्राटांवरच्या कामात सशर्त नेमणूक देईपर्यंत गुन्ह्याबद्दल विचारायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे, खाजगी मालकांना राज्यागणिक नियम वेगळे. बंदरावर काम करायचं असेल तर ट्विक कार्ड, म्हणजे सुरक्षा तपासणीनंतर मिळणारं ओळखपत्र, लागतं, आणि अनेक गुन्ह्यांसाठी दोषी ठरून सात वर्षं व सुटून पाच वर्षं होईपर्यंत ते अडतं. प्रशिक्षणाची फी भरण्याआधी हे तपासा.

मी काय निवडेन

'ऑनरेबल' शेरा, रेटिंग आहे, तब्येत बरी: सुटताच एचव्हीआरपीतून काम, त्याच महिन्यात चॅप्टर 31 चा अर्ज, जीआय बिल राखून.

'ऑनरेबल', रेटिंग नाही, हाताने काम करायची हौस: ॲप्रेंटिसशिप. पण पाठ, कान, झोप यांपैकी काही सेवेत बिघडलं असेल तर रेटिंगचा दावा तुरुंगातूनच टाकावा. तो आतूनही टाकता येतो, आणि मंजूर झाला तर चॅप्टर 31 चं दार उघडतं.

'जनरल' शेरा: जीआय बिलाच्या मागे वेळ घालवू नका, चॅप्टर 31 आणि एचव्हीआरपी पाहा.

'अदर दॅन ऑनरेबल': बाहेर आल्यावर पोटासाठी रोजगार केंद्र आणि सर्वांसाठीच्या संस्था आधी, कारण तिथे शेऱ्यावर गाडी अडत नाही. त्याच आठवड्यात व्हीएकडे निर्णयासाठी अर्ज. एचव्हीआरपीच्या संस्थेलाही फोन करून त्या शेऱ्याबद्दल स्पष्ट विचारा. आणि तो अस्वस्थ असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल तर 988 फिरवून 1 दाबा, ती माजी सैनिकांसाठीची संकटकालीन मदतवाहिनी आहे. त्या फोनवर डीडी-214 कोणी मागत नाही.