तबेला निवडताना आधी मोतद्दार बघा: घोडी ठेवून बरेच महिने झाल्यानंतरचा अनुभव

आपला घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमची घोडी अशाच एका तबेल्यात राहायला गेली, त्याला आता बरेच महिने झाले. कडक ऊन झालं, पाऊस झाला, थंडीही झाली. पहिल्या काही आठवड्यांत लिहायला बसले असते तर मैदानाच्या मातीबद्दल आणि छपराच्या उंचीबद्दल लिहिलं असतं. त्या गोष्टी ठीकच आहेत. माती पायाला मऊ आहे, वारा खेळता राहतो, ठाण, म्हणजे घोडीची स्वतंत्र जागा, साधारण १२ फूट बाय १२ फूट आहे, म्हणजे घोडी सहज वळते, लोळते, आडवी होऊन झोपते. घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, त्यामुळे जागा आणि अंथरूण महत्त्वाचं आहेच. या सगळ्याला पाचपैकी चार.

पण महिन्याचे पैसे खरे कशाचे द्यायचे, ते मला तिथल्या मोतद्दारांमुळे, म्हणजे घोड्यांची रोजची देखभाल करणाऱ्या माणसांमुळे कळलं.

तिथे एक वयस्कर मोतद्दार आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या हाताखाली काही तरुण मुलं आणि एक ताई आहेत. काकांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो आणि सुरुवातीला ते काहीच करत नाहीत, नुसते बघतात. प्रत्येक ठाणासमोर थोडं थांबायचं. रात्रीतून लीद किती पडली, गोळे घट्ट आहेत की पातळ, गव्हाणीत काही उरलंय का, पाणी किती कमी झालंय, अंथरूण नेहमीपेक्षा जास्त उकरलंय का, घोडा चारही पायांवर सारखा उभा आहे का. ही फेरी झाल्याशिवाय दाण्याच्या पेटीचं झाकण उघडत नाही.

एवढा लिदीचा विचार कशाला, असं कोणाला वाटेल. घोड्याची पचनसंस्थाच तशी आहे. जवळजवळ ५०० किलोचं जनावर, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. मोकळ्या रानात तो दिवसातले १४-१६ तास थोडं थोडं चरत असतो, त्यामुळे आतडं सतत हलतं राहणं हीच त्याची प्रकृती. वर त्याला उलटी करता येत नाही. गिळलेलं खालच्याच वाटेनं जाणार. ती वाट कुठे अडली, वायू धरला, आतड्याला पीळ पडला, की कोलिक होतं, म्हणजे पोटशूळ. काही तासांत जीव जाऊ शकतो. आणि शिकार होणारं जनावर असल्यामुळे दुखणं शक्य तितकं लपवायचं, हा त्याचा स्वभाव. म्हणून बघणारा डोळा हवा, आणि तो डोळा रोज त्याच घोड्यावर असायला हवा.

आमच्या घोडीवर ही वेळ आली. एका संध्याकाळी तिनं थोडा दाणा तसाच ठेवला आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. एवढंच. लोळणं नाही, घामाघूम होणं नाही. ते सगळ्यांत तरुण पोराच्या लक्षात आलं. त्यानं दोन्ही कुशींना कान लावून आतड्याचा आवाज ऐकला आणि काकांना हाक मारली. काकांनी हिरडीवर अंगठा दाबून सोडला आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं (निरोगी घोड्यात दोन सेकंदांच्या आत होते). जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून ठोके मोजले. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. तिचे त्याच्या बरेच वर होते. गव्हाण लगेच रिकामी केली, डॉक्टरांना फोन केला आणि मग मला. मी पोचले तेव्हा तिला हळूहळू फिरवत होते आणि डॉक्टर वाटेत होते. उपचार झाले, रात्री उशिरा लीद पडली आणि मग सगळ्यांच्या जिवात जीव आला. तोवर कोणीही घरी गेलं नव्हतं.

मी काकांना विचारलं, एवढ्याशा गोष्टीवरून कसं कळलं? ते म्हणाले, "ताई, हिनं आजवर कधी दाणा टाकला नाही. दुसरा तो काळा घोडा आहे ना, तो रोज टाकतो. त्यानं टाकला असता तर पोरगा बघत बसला नसता."

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. घोड्यांबद्दलची माहिती पुस्तकात मिळते. या एका घोडीबद्दलची माहिती फक्त त्या माणसांकडे आहे, आणि ती त्यांनी रोज तिच्याजवळ उभं राहून मिळवली आहे.

खराऱ्याकडे बघण्याची माझी नजरही तिथे बदलली. अंगावर चमक यावी म्हणून खरारा करतात, म्हणजे ब्रशनं अंग घासतात, असं बहुतेकांना वाटतं. तिथली ताई खरारा करते तेव्हा एका हातात खरारा असतो आणि दुसरा हात मोकळा, सतत अंगावरून फिरणारा. तंगाखाली (खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली) कातडी सोलवटली आहे का, कुठे गोचीड आहे का, पुढच्या पायाच्या मागची कंडरा आज गरम लागते का, हे सगळं त्या मोकळ्या हाताला कळतं. मान संपून पाठ सुरू होते तिथला जो उंचवटा, तिथे ती मुद्दाम जास्त वेळ घासते. घोडे एकमेकांना याच जागी दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे संशोधकांनी १९९३ मध्ये मोजून दाखवलं आहे. आमची घोडी तर तेव्हा वरचा ओठ लांब करून हलवत राहते. ताईला त्या संशोधनाचं काही ठाऊक नव्हतं. ओठ मात्र तिला ठाऊक होता.

खुरांचंही तसंच. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, येतो. पण मधले सगळे दिवस मोतद्दारांचे. रोज चारही पाय उचलून, आतली घाण काढून, वास घ्यायचा. कुजट वास आला आणि काळपट ओल दिसली, तर तळवा सडायला लागलाय असं समजायचं आणि ठाण जास्त कोरडं ठेवायचं. खुराच्या भिंतीवर तळहात टेकवून गरमपणा बघायचा, कारण खुराच्या आतली सूज लवकर कळली तरच पाय वाचतो. नालबंद आला की काका स्वतः मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून उभे राहतात आणि मागचा डावा पाय बाहेरच्या अंगाला जास्त झिजतो, हे त्याला दर वेळी सांगतात. नालबंदाला हे लक्षात असतं. काका तरी सांगतातच.

त्यांच्या वागण्यात मला आणखी एक गोष्ट फार आवडली. कोणी चिडलेला असेल तर काका त्याला घोड्याजवळ जाऊ देत नाहीत. "आधी बाहेर जा, पाणी पी, मग ये." हा निव्वळ वडीलधारेपणा नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे नुसते फोटो दाखवले, काही हसऱ्या चेहऱ्यांचे, काही रागीट. रागीट चेहरे पाहून घोड्यांचे ठोके लवकर वाढले. फोटो पाहून ही गत, तर समोर दात-ओठ खाणारा माणूस आला तर काय होईल? तबेल्यात ओरडाआरडा चालत असेल, तर मैदान कितीही सुंदर असो, घोडा तिथे सुखात नाही.

एका बाबतीत काकांचं मत जुनं होतं. दौडून आलेल्या तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी घालायचं नाही, स्नायू आखडतात, असं ते मानत. फक्त पाय धुवायचे. बऱ्याच अनुभवी लोकांचं आजही तेच मत आहे. भर उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना समजावलं की १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या दमट उकाड्याच्या काळजीनं यावर अभ्यास झाला होता आणि सगळ्या अंगावर भरपूर गार पाणी ओतणं सुरक्षित आहे, शरीर त्यानंच लवकर निवतं, असं दिसलं होतं. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका घोड्यावर करून पाहिलं, श्वास किती वेळात खाली येतो ते घड्याळ लावून मोजलं, आणि पद्धत बदलली. आयुष्यभर एक काम केलेला माणूस असा बदलतो, तेव्हा त्याच्याबद्दल आदर दुप्पट होतो.

आता कष्टांचं. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या वर लीद टाकतो, ओलं झालेलं अंथरूण वेगळं. पाणी पितो साधारण २५ ते ५० लिटर. कोरडा चारा खातो वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. हे सगळं कोणीतरी उचलतं, ओढतं, वाहतं, प्रत्येक घोड्यासाठी, रोज. सणवार घोड्याच्या पोटाला कळत नाही. मुताचा अमोनिया आणि चाऱ्याची धूळ घोड्याच्या फुप्फुसांना जितकी वाईट, तितकीच माणसाच्याही. घोड्यांसाठी चारा भिजवून देतात ते योग्यच आहे. झाडणाऱ्या माणसाच्या तोंडावर मात्र साधं फडकं असतं.

आणि धोका आहे. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून ही मंडळी बोलत बोलतच जवळ जातात, "चल गं बाई, सरक जरा," आणि कुल्ल्यावर हात ठेवूनच मागून फिरतात. इतकं सांभाळूनही लाथ बसते. इथे माझी या तबेल्याबद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार आहे. स्वारी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं, पण बुजरा घोडा बाहेर काढणाऱ्या बहुतेक मोतद्दारांच्या डोक्यावर अजून काही नाही. मालकांचं म्हणणं, त्यांना सवय आहे. सवयीनं डोकं कठीण होत नाही.

दुसरी तक्रार नोंदींची. सगळी माहिती काकांच्या डोक्यात. ते सुट्टीवर गेले की बदलीच्या माणसाला कोणाचा दाणा किती, कोणाचं औषध कधी, हे विचारत फिरावं लागायचं. आता तो तरुण पोरगा प्रत्येक ठाणाबाहेरच्या फळीवर खडूनं लिहून ठेवतो. अक्षर वेडंवाकडं आहे, मजकूर मात्र अचूक असतो.

या लोकांचं नाव कुठे होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घोड्याचं नाव होतं, स्वाराचं होतं, मालकाचं होतं. अज्ञातवासात विराटाकडे घोडे सांभाळणारा नकुल आपल्याला माहीत आहे, कारण तो मुळात राजपुत्र होता. अलीकडचं एक उदाहरण मात्र मला फार आवडतं. १९७३ मध्ये सेक्रेटॅरिएट या घोड्यानं अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती जिंकल्या, तिसरी तर ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं. त्याचा मोतद्दार होता एडी स्वेट. केंटकीतल्या हॉर्स पार्कमध्ये त्या घोड्याचा ब्राँझचा पुतळा आहे. त्यात पाठीवर जॉकी रॉन टरकॉट आहे आणि घोड्याला धरून चालणारा एडी स्वेटही आहे. पुतळा करणाऱ्याला कोण कुठे असायला हवं ते नीट समजलं होतं.

तबेला बघायला जाल तेव्हा मालकांशी बोलून झाल्यावर मोतद्दारांशी बोला. एका माणसाकडे किती घोडे आहेत, रात्री तिथे कोण झोपतं, आठवड्याची सुट्टी मिळते का, लागलं-खुपलं तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, हे विचारा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ही माणसं इथे किती काळ आहेत. दर दोन-चार महिन्यांनी चेहरे बदलत असतील, तर तुमच्या घोड्यानं कधी दाणा टाकला नाही, हे सांगणारं तिथे कोणी नसेल. शक्य झालं तर सकाळच्या सफाईच्या वेळी जा. घोडे मोतद्दाराला पाहून कान पुढे करतात की मागे पाडतात, ते बघा.

आणि घोडा ठेवल्यावर आपलंही काही देणं लागतं. शेवटची दहा मिनिटं चालवत, श्वास खाली आणूनच घोडा परत करा. घामानं निथळणारा घोडा मोतद्दाराच्या हाती देऊन गाडीत बसू नका. उशिरा येणार असाल तर आधी कळवा, त्यांच्या जेवणाची वेळ तुमच्यासाठी लांबते. न विचारता काही खाऊ घालू नका. आज घोडी कशी होती, हे रोज विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यांनी केलेल्या कामाचं कौतुक मालकांसमोर करा, कारण पगार तिथे ठरतो.

आमची घोडी इथेच राहणार आहे. हेल्मेटचा विषय आम्ही काही जणांनी मिळून मालकांकडे लावून धरला आहे. थोडी आली आहेत, ताई आणि तो पोरगा वापरायलाही लागले आहेत. सगळ्यांना मिळेपर्यंत आम्ही तो सोडणार नाही, आणि त्यानंतर दवाखान्याच्या खर्चाचं बोलायचं आहे.