एकदाच वापरायची जमशिदी सुई: एका निवासी डॉक्टरचा अभिप्राय

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरला लवकरच जे काम स्वतःच्या हाताने करावे लागते, ते म्हणजे रुग्णाचा बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला रक्त तयार करणारा मगज, तपासणीसाठी काढणे. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, कोणत्या प्रकारचा आहे, उपचाराने तो आटोक्यात आला का, हे बहुतेक वेळा या तपासणीवरूनच ठरते आणि तिचे यश डॉक्टरच्या कौशल्याइतकेच हाती दिलेल्या सुईवर अवलंबून असते. म्हणून प्रौढ रुग्णांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ११ गेजच्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप), एकदा वापरून टाकून द्यायच्या जमशिदी सुईविषयी लिहितो आहे.

या सुईची रचना खोस्रो जमशिदी यांनी १९७१ मध्ये मांडली आणि तिचे मर्म टोकाशी आहे. नळी टोकाकडे किंचित निमुळती होत जाते, त्यामुळे अरुंद तोंडातून कापला गेलेला हाडाचा तुकडा आतल्या रुंद भागात मोकळा बसतो, चेंगरत नाही आणि सुई बाहेर काढताना सहसा मागे राहत नाही. पॅथॉलॉजिस्टला मॅरोची अंतर्गत घडण जशीच्या तशी पाहायची असते. तंतू वाढले आहेत का, लिम्फोमाच्या (लसिका संस्थेच्या कर्करोगाच्या) पेशी कुठे साठल्या आहेत, हे चुरडलेल्या तुकड्यात कळत नाही. तुकडा दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचा अपेक्षित असतो आणि नवी, धारदार सुई असेल तर तो बहुतेक वेळा एकाच प्रयत्नात मिळतो.

मी जिथे सुरुवातीला शिकलो, तिथे स्टीलच्या सुया ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, पुन्हा पुन्हा वापरल्या जात असत. अशा सुईची धार हळूहळू जाते, मग डॉक्टर अधिक जोर लावतो, सुई अधिक वेळा फिरवतो आणि तो सारा दाब पालथ्या किंवा कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या हाडावर पडतो. एवढे करूनही ‘नमुना अपुरा’ असा अहवाल आला की त्याच माणसाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. आधीच तापाने आणि रक्त कमी झाल्याने गळून गेलेल्या रुग्णाला हे दुसऱ्यांदा सोसायला सांगणे मला आजही अन्यायाचे वाटते. सुईवरचे पैसे रुग्णालय वाचवत असले तरी त्याची किंमत रुग्ण मोजत असतो.

मात्र या सुईने वेदना पूर्णपणे टळते, असे कोणीही सांगू नये. लिग्नोकेन या भूल देणाऱ्या इंजेक्शनने त्वचा आणि हाडावरचे आवरण बधिर होते, पण हाडाच्या तुकड्याखेरीज द्रव मॅरोही घ्यावा लागतो आणि तो सिरिंजने ओढताना जी कळ येते ती त्याने थांबत नाही. चांगली सुई दाब आणि वेळ कमी करते. ती कळ येणार आहे आणि काही सेकंदांत ओसरणार आहे, हे सांगण्याचे काम डॉक्टरचेच. ‘मणक्यात सुई घालणार का? पाय लुळे पडतील का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. सुई मणक्यात जात नाही, कमरेच्या मागे हाताला लागणाऱ्या श्रोणीच्या हाडात जाते आणि तिथे मज्जारज्जू नसतो, हे रुग्णाच्या हाताला तो उंचवटा लावून दाखवले की भीती बरीच कमी होते.

सुईच्या मर्यादाही आहेत. मायलोफायब्रोसिससारख्या आजारात मॅरोमध्ये तंतू दाटलेले असतात, तेव्हा सिरिंज कितीही ओढली तरी द्रव येत नाही. अशा वेळी हाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्टीवर अलगद टेकवून ठसे घ्यावे लागतात. ठिसूळ हाडात तुकडा तुटून आत राहू शकतो. काही सुयांसोबत तुकडा पकडून ठेवणारी जास्तीची नळी येते आणि वृद्ध रुग्णांसाठी तिचा खरोखर उपयोग होतो. स्वस्त सुयांची प्लास्टिकची मूठ मात्र तळव्यात रुतते आणि कठीण हाडात जोर लावताना हात घसरण्याची धास्ती वाटते. साधारण १० सेंटिमीटर लांबीची सुई स्थूल रुग्णाच्या हाडापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून वॉर्डात १५ सेंटिमीटरच्या सुयाही असायला हव्यात.

नमुन्याचा दर्जा मात्र एकट्या सुईवर सोडता येत नाही. पहिल्या ओढीत अर्धा मिलिलिटरच्या आसपासच मॅरो घेऊन त्याच्या काचपट्ट्या लगेच कराव्यात. एकदम जास्त ओढल्यास त्यात रक्त मिसळते आणि पेशींचे प्रमाण चुकते. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी) ईडीटीएची आणि गुणसूत्रांच्या तपासणीसाठी हेपरिनची, अशी नमुना गोठू न देणाऱ्या द्रव्यांची नळी आधीच शेजारी मांडलेली असावी.

माझा कौल स्पष्टपणे एकदाच वापरायच्या सुईला आहे. अनेक ठिकाणी ती नातेवाईकांनाच चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमधून आणावी लागते. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर गेज आणि लांबी दोन्ही लिहावी; आणणाऱ्याने ते आकडे पाकिटावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत, सील शाबूत आहे आणि मुदत संपलेली नाही याची खात्री करावी, आणि पाकीट न फोडता डॉक्टरांच्या हाती द्यावे.