फेसेस-४ की मॅकमास्टर? सीमाभागातल्या घरांसाठी कुठली प्रश्नावली घ्यावी

बेळगाव-निपाणीकडे कौटुंबिक समुपदेशन करणाऱ्यांचा किंवा एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध लिहिणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. दोन्ही घर कसं चाललंय ते मोजणाऱ्या प्रश्नावल्या; एकेका विधानाशी आपण किती सहमत, ते घरातल्यांनी सांगायचं. घरातली जवळीक आणि लवचिकपणा हेच मोजायचं असेल, तर माझं मत फेसेस-४ ला.

डेव्हिड ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेल्या सर्कम्प्लेक्स प्रारूपावर ती बेतलेली आहे. जवळीक आटली की माणसं तुटतात, अति झाली की गुदमरतात. घराचे नियम अति ताठर असले तरी वाईट आणि नुसता सावळागोंधळ असला तरी वाईट. जुन्या फेसेस-३ च्या २० विधानांना ही टोकं नीट पकडता येत नव्हती. चौथ्या आवृत्तीत ६२ विधानं आहेत. त्यातली ४२ सहा पट्ट्यांत (वेगळे गुण देणाऱ्या गटांत) विभागलेली, दोन संतुलित आणि चार टोकांच्या. उरलेली संवाद आणि समाधानावर. संतुलित गुणांच्या सरासरीला टोकाच्या गुणांच्या सरासरीने भागायचं. उत्तर १ च्या वर आलं तर घर बरं चाललंय.

मॅकमास्टर १९८३ ची, आताची आवृत्ती ६० विधानांची. घरातल्या अडचणी कशा सुटतात, कामं कुणाकडे असतात, हे ती विचारते. घाईत, घर एकंदर कसं चाललंय ते सांगणारी तिची १२ विधानांची सर्वसाधारण पट्टी पुरते. मात्र इथे गुण जास्त म्हणजे अवस्था वाईट. शिवाय नकारार्थी विधानं बरीच. ‘होत नाही’ला ‘असहमत’ म्हणताना आजीच काय, पदवीधरही अडखळतो.

आता आपल्याकडची गोम. खानापूरकडच्या एकत्र कुटुंबात थोरल्याला विचारल्याशिवाय म्हैस विकली जात नाही. अशा घराचे गुण फेसेसच्या ‘अतिगुंतलेल्या’ पट्टीवर चढणारच. तेवढ्यावरून घराला दोष देऊ नका, लवचिकपणाचे गुण शेजारी ठेवून वाचा. थोरला गोव्याला कामाला गेल्यावर बँकेचा व्यवहार धाकट्या जावेकडे येतो का? मला तरी ही कसोटी जास्त बोलकी वाटते.

दोन्ही प्रश्नावल्या १२ वर्षांवरच्या प्रत्येकाकडून वेगळ्या भरून घ्या. सासूचा आणि सुनेचा कागद जुळत नसेल तर सरासरी काढून ती तफावत पुसू नका. कन्नड माध्यमातल्या नातवाला कन्नड प्रत द्या, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांतरं आधी उलट भाषांतर करून, म्हणजे परत मूळ भाषेत आणून, तपासा.

दवाखान्याच्या गर्दीत मात्र मॅकमास्टरची १२ विधानांची पट्टीच घ्या. फेसेसची ६२ विधानं तिथे कुणी पुरी करणार नाही.