माझ्या भावाचा ‘बरा झालो’ व्हिडिओ

भावाची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. त्या केंद्राचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. बाकी जे झालं ते जसंच्या तसं सांगते. ज्या घरात बायपोलरचा (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याच्या आजाराचा) पेशंट आहे, गोळ्या चालू आहेत, सगळं बरं चाललंय आणि म्हणूनच “आता या गोळ्या किती दिवस?” असा विषय रोज जेवताना निघतो, त्या घरांनी हे वाचावं.

धाकटा भाऊ २४ व्या वर्षी पहिल्यांदा आजारी पडला. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर डिसऑर्डर सांगितला आणि लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू केलं. त्यानंतर तीन वर्षं तो व्यवस्थित होता. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, शिफ्ट चुकवली नाही कधी. तक्रारी दोनच होत्या, वजन वाढलं होतं आणि हात थरथरायचे. कप बशीत ठेवताना वाजायचा, म्हणून तो चारचौघांत चहा घेईनासा झाला. डॉक्टरांकडे कायम गर्दी, पाच मिनिटांत आत-बाहेर, त्यामुळे थरथरीचं बोलणं दर वेळी राहून जायचं. त्यात स्थळं बघायला सुरुवात झाली. आत्या म्हणाली, “मुलीकडच्यांना गोळ्यांचं कळलं तर जमायचं नाही. आधी ते बंद करा.” आईने ते मनावर घेतलं.

अशात मोबाइलवर पुण्यातल्या एका केंद्राचे व्हिडिओ दिसू लागले. ‘औषधमुक्त मन’. आम्ही तिघंही गेलो. तिथल्या सरांच्या नावापुढे ‘डॉ.’ होतं. कशाचे डॉक्टर, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. त्यांनी भावाच्या डोक्याला वायरींची टोपी लावली आणि संगणकावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं. लाल भाग म्हणजे लहानपणी दबलेला राग, निळा म्हणजे औषधांनी झोपवलेला मेंदू. वडील लवकर गेले हे आईने आधीच फोनवर सांगितलं होतं. ते चित्रातून ‘ओळखल्या’सारखं त्यांनी सांगितलं तेव्हा आई रडायला लागली. बायपोलरचं निदान असल्या चित्रावरून होत नाही. पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून, झोप, बोलणं, खर्च, मूड यांचा मागचा इतिहास घेऊन ते होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी तासभर तेच विचारलं होतं.

मग सर म्हणाले, “लिथियम बॅटरीत असतं. मुलाच्या मेंदूत किती वर्षं बॅटरी ठेवणार? किडनी तपासावी लागते ना? औषध असतं तर तपासावी लागली असती का?” आम्ही गप्प झालो. लिथियमचं रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटरमध्ये ठेवावं लागतं, कमी पडलं तर उपयोग होत नाही आणि फार वाढलं तर विषबाधा होते, म्हणून रक्त, किडनी, थायरॉइड तपासतात. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने मेनियावर, म्हणजे या आजारातल्या अतिउत्साहाच्या अवस्थेवर, त्याचा उपयोग होतो हे १९४९ मध्ये मांडलं, तेव्हापासून ते वापरात आहे. डॉक्टर आमची घेत होते ती काळजीच त्या माणसाने आम्हाला पुरावा म्हणून दाखवली, आणि आम्हाला ते पटलं.

पॅकेज २१ सेशनचं, ४८ हजार रुपये. पैसे केंद्राच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने गेले. पावतीवर लिहिलं होतं ‘व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा’. चार पानी इंग्रजी फॉर्मवर भावाची सही घेतली. मी स्वतःच्या मर्जीने औषधं बंद करतो आहे, असं त्यात एक कलम होतं. ते मी वाचलं, पण फार नंतर.

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. पहिले काही दिवस काहीच बिघडलं नाही. उलट थरथर थांबली. दुसऱ्या आठवड्यात तो हसायला लागला, गाणी म्हणायला लागला, पहाटे उठून अंगण झाडायचा. आई देवापुढे साखर ठेवायची. आजूबाजूचे म्हणायचे, पोरगा किती खुलला! तिसऱ्या आठवड्यात केंद्राने त्याचा व्हिडिओ घेतला. निळा शर्ट घालून तो भराभर बोलतोय, “तीन वर्षं मी मेलो होतो, तीन आठवड्यांत जिवंत झालो.” मी स्वतः तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला.

ते बरं होणं नव्हतं. तो मेनिया चढत होता. हा आजार लाटांनी येतो, आणि वर जाणारी लाट सुरुवातीला घरच्यांना तब्येत सुधारल्यासारखीच दिसते. लिथियम एकदम तोडलं की ती लाट परत येण्याचा धोका वाढतो. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. या लोकांचा धंदा याच दोन-तीन आठवड्यांवर चालतो. व्हिडिओ तेवढ्यात होऊन जातो. पुढे काय झालं ते त्यात कधीच येत नाही.

पुढे असं झालं. तो रात्री दोन तास झोपू लागला. नोकरीचा राजीनामा दिला. हप्त्यांवर तीन मोबाइल घेतले, एका मित्राला धंद्यासाठी ९० हजार दिले. आईने अडवलं तर तिच्यावर हात उगारला. आयुष्यात कधी तिला उलट बोलला नव्हता तो. मी सरांना फोन केला. म्हणाले, “आतलं विष बाहेर पडतंय. घाबरू नका, आणखी दहा सेशन घ्या.” त्यानंतर फोन उचलणं बंद. मिरजेला २२ दिवस ॲडमिट करावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि मला ते फार लागलं.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने सही केलेला फॉर्म आणि ‘कार्यशाळे’ची पावती पुढे केली. वकिलांनी सांगितलं, ग्राहक आयोगात जाऊ, पण कागदावर उपचार हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे वेळ लागेल. आमच्याकडे उपयोगाचं एकच निघालं, आईच्या फोनवर रेकॉर्ड झालेलं “गोळ्या आजपासून बंद” हे वाक्य. तेव्हा मेसेज, कॉल, पावत्या काहीही पुसू नका.

आणि जाण्याआधी विचारा. गोळ्या लिहिणारा किंवा बंद करणारा माणूस एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला आणि मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. चांगला सायकॉलॉजिस्ट तो लगेच देतो, आणि औषधाला हात लावत नाही. थेरपी खोटी नाही. भाऊ आता ती घेतो, गोळ्यांसोबत. कुणाला विचारायचं तेच सुचत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

थरथरीचं आम्ही शेवटी डॉक्टरांना नीट सांगितलं. त्यांनी डोस थोडा बदलला, एक गोळी जोडली. कप आता फारसा वाजत नाही. हे आधी करता आलं असतं, पुण्याला न जाता.

तो व्हिडिओ काढून टाका म्हणून दोनदा लेखी दिलं. अजून आहे. निळ्या शर्टातला, फार भराभर बोलणारा, हसणारा मुलगा तुम्हाला कुठे दिसला तर एवढं लक्षात असू द्या, की तो त्या रात्री दोन तास झोपला होता.